दाराची झोपडी

रोनीचं लग्न झालं ते साल दोन हजार बावीस. त्या दिवशी ग्लिनिस नवरी होऊन घरात आली आणि एस्पेरांसाची खाट खोलीतून बाहेर गेली. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी झाल्या, पण फोटो फक्त पहिलीचे काढले.

एस्पेरांसा ही रोनीच्या बापाची, म्हणजे कॉन्स्टान्सियोची, धाकटी बहीण. तिचा नवरा बोटीवर कुक होता. तो वारला तेव्हा वास्कोची भाड्याची खोली सोडून ती माहेरी खैरवणला परत आली. बरोबर फक्त एक लोखंडी खाट होती. भावाने तिला एका शब्दाने दुखवलं नाही. रिकामी खोली दिली, ताटात मासा दिला, आणि गावातल्या काजूच्या कारखान्यात गर निवडायच्या कामाला लावून दिलं. खोली रिकामी होती तोवर सगळं बरं चाललं.

रोनीच्या लग्नात ती खोली गेली तशी खाट दिवाणखान्यात आली. तिथे संध्याकाळी तेर्सासाठी शेजारपाजार जमायचा, आणि माणसं प्रार्थनेला गुडघे टेकायच्या ऐवजी खाटेवर टेकू लागली. मग खाट बोळात गेली. बोळात कॉन्स्टान्सियोचा गुडघा तिच्यावर दोनदा आपटला, आणि दोन्ही वेळा त्याने खाटेला अशा शिव्या घातल्या की जणू ती चालत येऊन त्याच्या अंगावर पडली होती. शेवटी ती स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी लागली. तो फ्रिज रात्रभर म्हाताऱ्यासारखा खाकरायचा, मध्येच गप्प व्हायचा, आणि एस्पेरांसा दचकून जागी व्हायची की हा मेला की काय.

हेही तिने चालवून घेतलं असतं. पण धाकट्या मेल्रॉयचं लग्न ठरलं, आणि त्याच्या होणाऱ्या बायकोला नव्या पद्धतीचं स्वयंपाकघर हवं होतं. त्यात खाट बसत नव्हती. आता घरात एकच जागा उरली, ती म्हणजे पडवी. पडवीत टायगर कुत्रा झोपायचा. त्याने ती जागा कित्येक वर्षं दात दाखवून राखली होती.

हे चालू असताना माळावरच्या कारखान्यांत बातमी फुटली. आमच्या माळावर तीन कारखाने आहेत, एक काजूचा, एक बर्फाचा आणि एक आंब्याच्या रसाचा. तिघे मालक मिळून कामगारांसाठी खोल्या बांधणार होते. सरकार जमीन द्यायला तयार होतं, पण गावात घरांची खरंच गरज आहे हे दाखवायला हवं होतं. त्यासाठी कोल्हापूरच्या एका संस्थेतून सृष्टी नावाची मुलगी येणार होती. काजू कारखान्याचा मॅनेजर सुदेश कुडाळचा, पोरगा भला, पण त्याने एक घोटाळा केला. ती येणार हे त्याने आठ दिवस आधी सगळ्यांना सांगून ठेवलं.

त्या आठ दिवसांत गावाने अंगणं सारवली, पडदे धुतले, नसलेल्या खुर्च्या मागून आणल्या. परका माणूस घर बघायला येतो तो सोयरिकीसाठी, एवढंच आमच्या लोकांना माहीत. त्याच्यासमोर घर अपुरं आहे असं म्हटलं की ते बोलणं सावंतवाडीपर्यंत जातं आणि घरातल्या मुलीला स्थळ येत नाही.

पहिलं घर हौसाबाईचं. तिघे मुलगे, तिघी सुना, नातवंडं, आणि घर दोन खोल्यांचं. थोरला मुलगा गेली दोन वर्षं गवत ठेवायच्या मांगरात झोपत होता. हौसाबाईने सृष्टीच्या हातात कोकम सरबत दिलं आणि म्हणाली, "घर कसला गो बाय, देऊळ आसा. बोललंव तर घुमता."

"आजी, जागा कमी पडत नाही?"

"आमची चूल एक, मन एक. जागा घेवन करूचा काय?"

थोरली सून नर्मदा मागे उभी होती. ती एस्पेरांसाच्या शेजारी बसून काजूगर निवडायची. तिने तोंड उघडलं, सासूने मान वळवून पाहिलं, आणि नर्मदाने ते तोंड जांभई देऊन बंद केलं.

कॉन्स्टान्सियोने तर सृष्टीला घर फिरवून दाखवलं. एकेक दार उघडायचा आणि बाजूला व्हायचा, जणू आत मोटार ठेवली आहे. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी खाट बघून सृष्टीने विचारलं, "इथे कोण झोपतं?"

"माझी बहीण," कॉन्स्टान्सियो ऑफिसातलं मराठी काढून म्हणाला. "तिला थंडावा आवडतो."

एस्पेरांसा चुलीकडे उभी होती. पाहुणीसमोर भावाचं नाक कापायचं तर पुढे त्याच घरात जेवायचं कसं? ती म्हणाली, "चाय घेतलंस गो बाय?" आणि तेवढंच.

महिन्याने सुदेश काजूच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "कोल्हापूरसून निरोप इलो. खैरवणात सगळ्यांका घरा पुरतत म्हणान. आता खोल्यो दुसऱ्या गावाक जातत."

बायकांचे हात थांबले. मग नर्मदा म्हणाली, "माझ्या सासूक विचारूक कोणी सांगितलेला?"

"आणि माझ्या भावाक?" एस्पेरांसा म्हणाली.

"तू थंयच उभी होतंस मगे. तोंडात काय काजू होतो?"

"आणि तू जांभई कित्याक दिलंस?"

सुदेशने हात जोडले. "आयांनो, मी मालकांच्या पाया पडून आणखी एकदा ती मुलगी बोलावतंय. ह्या वेळेक मी कोणाक सांगूचंय नाय, ती कधी येतली ता. पण एक आसा. कोणीतरी तोंडान सांगूक व्हया, आणि ताही घरातल्या मोठ्यासमोर. नायतर मागसून तोच मोठो येवन 'नाय' म्हणता आणि कागद फुकट जाता."

बायका पुन्हा काजूकडे बघू लागल्या.

त्यानंतर देवदिवाळी झाली आणि गावपळणीचा कौल झाला. दर काही वर्षांनी आमचा देव गावाला बाहेर काढतो. तीन दिवस, तीन रात्री गावात माणूस राहायचा नाही, गुरं नाहीत, कोंबडी नाही, कुत्रं नाही. घरांना कुलुपं लावून सगळ्यांनी ओहोळापलीकडे, शिवेच्या बाहेर झोपड्या बांधून राहायचं. कोणी मागे राहत नाही. खालच्या वाडीतले मुसलमान येतात, आमचे ख्रिस्ती येतात. पूर्वी एका पाद्रीने विचारलं होतं म्हणे, तेव्हा कॉन्स्टान्सियोच्या आजोबाने सांगितलं, "फादर, देव आपलो न् तेंचो वेगळो, पण शीव एकच मा?" पाद्रीने तीन दिवसांची सुट्टी दिली. बर्फाच्या कारखान्यातली ओडिशाची पोरं तर सगळ्यांच्या आधी ओहोळ ओलांडून गेली.

गावपळणीत झोपडी कोणी कुठे, किती मोठी बांधायची याला धरबंध नसतो. चार बांबू, माडाच्या झावळ्या, वर गवत. कॉन्स्टान्सियोने सगळ्या घराला पुरेल अशी ऐसपैस झोपडी उभी केली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला. तेवढ्यात एस्पेरांसा आणि नर्मदा हातगाडी ढकलत आल्या. गाडीवर एक दार होतं. न्हाणी नवी केली तेव्हा काढून गोठ्यात टाकलेलं जुनं फणसाचं दार, कडीसकट.

"ह्या काय?" कॉन्स्टान्सियोने विचारलं.

"दार."

"ता दिसता माका. कित्याक?"

"माझ्या झोपडेक."

"तीन दिसांच्या झोपडेक दार? वाघ येतलो?"

"वाघ नाय रे, तू येतलंस."

तिने काजूच्या झाडाखाली एका खाटेपुरती झोपडी केली आणि दोन खांबांना ते दार सुंभाने बांधलं. मग आत गेली, दार ओढलं, कडी लावली आणि बसली. काही करायचं नव्हतं. नुसती बसली. थोड्या वेळाने उजवीकडच्या झावळ्या बाजूला झाल्या आणि त्यातून भावाचं डोकं आत आलं.

"एस्पे, मीठ खंय आसा?"

"दारात्सून ये."

"हयसर उभो आसंय मगे, तोंड आत आसा."

"दारात्सून."

कॉन्स्टान्सियो पुटपुटत वळसा घालून आला, दारावर थाप मारायची त्याला सवय नव्हती म्हणून नुसता उभा राहिला, आणि मग बाहेरूनच ओरडला, "नको माका मीठ!"

संध्याकाळपर्यंत ओहोळापलीकडे एक वेगळीच वस्ती उभी राहिली. हौसाबाईने मुलांकडून मांडवाएवढी झोपडी घालून घेतली होती. अंधार पडायच्या आत तिघी सुनांनी तीन कोपऱ्यांत तीन झोपड्या केल्या, तीन चुली पेटवल्या, आणि मांगरात झोपणारा थोरला मुलगा दोन वर्षांनी बायकोच्या हातची भाकरी बायकोसमोर बसून खाऊ लागला. मांडवात हौसाबाई आणि लोणच्याची बरणी. तिकडे रोनी आणि ग्लिनिस पार करवंदीच्या जाळीमागे गेले होते. मेल्रॉय मित्रांत. कॉन्स्टान्सियोच्या ऐसपैस झोपडीत तो, त्याची बायको सिल्व्हिया आणि टायगर.

"सगळी खंय गेली?" त्याने विचारलं.

"हवा खावक," सिल्व्हिया म्हणाली. ती फार वर्षं त्याची बायको होती.

दुसऱ्या सकाळी सृष्टी आली. सुदेशने शब्द पाळला होता, कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि गावपळणीचं सृष्टीला सांगायला तो विसरला होता. एस्पेरांसाने पाहिलं तर ओहोळाच्या साकवावरून पोर धडपडत येते आहे, चेहरा पिठासारखा पांढरा.

"मावशी!" ती जवळजवळ रडलीच. "गावात कोणीच नाही! सगळीकडे कुलुपं. एक कोंबडी नाही. मला वाटलं, काहीतरी वायू वगैरे सुटला कारखान्यातून."

एस्पेरांसाने तिला आपल्या झोपडीत नेलं, दार लावलं आणि चहा दिला. थोडी शुद्धीवर आल्यावर सृष्टीने कोल्हापूरला साहेबांना फोन लावला.

"सर, गावातली सगळी घरं रिकामी आहेत."

पलीकडून काहीतरी खूश आवाज आला.

"नाही सर, ऐका ना. लोक सापडले. सगळे नदीपलीकडे झोपड्यांत राहतायत. सगळे. गुरांसकट." मग तिने फोनवर हात ठेवला. "मावशी, सर विचारतायत, तिकडे घरं रिकामी आणि इकडे माणसं झोपडीत, तर त्यांना त्या घरांत का नाही पाठवत? म्हणतात, प्रश्नच मिटेल."

"तुझ्या सायबाक सांग," एस्पेरांसा म्हणाली, "परवा सांजेक पाठवतंव."

दुपारपर्यंत सृष्टी झोपड्यांमधून फिरत होती. ही कुणाची? ती कुणाची? घरात तिला एक चूल सांगितली होती, इथे तीन धूर दिसत होते. पोर हुशार. दुसऱ्या वळणालाच तिला कळलं की हे लोक घरात आपल्याशी खोटं बोलले, आणि खरं त्यांनी बांबू-झावळ्यांनी सांगून टाकलंय. ती नर्मदाच्या चुलीशी बसली.

"ताई, तुम्हाला स्वतंत्र खोली हवी आहे ना?"

नर्मदाने मांडवाकडे पाहिलं. हौसाबाई लोणच्याच्या बरणीवर हात ठेवून इकडेच बघत होती. "छे गो," नर्मदा मोठ्याने म्हणाली. "ही तीन दिसांची मजा."

मधली सून तेच म्हणाली. रोनी तेच म्हणाला, करवंदीमागून. सृष्टी थकून एस्पेरांसाच्या दारात येऊन बसली. "झोपड्यांचे फोटो दाखवून कोणी मानणार नाही मावशी. कोणीतरी बोलायला हवं. उद्या संध्याकाळी मी परत जाणार, मग तिसऱ्यांदा मला कोणी पाठवणार नाही."

एस्पेरांसाने दाराला हात लावून पाहिला. दार परत गोठ्यात जाणार, खाट पडवीत जाणार. टायगर लांबून तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत तिला शेजारपणाची काही इच्छा दिसली नाही.

संध्याकाळी ती लवूकडे गेली. लवू गावकार. परत जायच्या दिवशी शिवेवर उभं राहून सगळ्या गावासाठी देवाला गाऱ्हाणं घालणं हे त्याचं काम. तो खोकल्यासाठी आलं चघळत बसला होता.

"लवू, परवा माझा एक गाराणा घालशीत?"

"तुझा? तुझो देव थंय इगर्जेत आसा मगे."

"तेका सांगलंय. तो ऐकता. पण थंय सगळो गाव एकदम 'व्हय' म्हणना नाय."

"आमेन म्हणतत मा?"

"म्हणतत, पण पुटपुटत. माझो भाव तर तेवढ्यात झोपता."

लवूने आलं एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "काय घालूचा?"

तिने सांगितलं. लवू पहिल्यांदा हसला, मग खोकला, मग पाठीमागे कॉन्स्टान्सियो नाही ना हे पाहून पुन्हा हसला. "माका मारतलो तो."

"देवासमोर?"

"ताही खरा," लवू म्हणाला.

इकडे एस्पेरांसाने सृष्टीला एवढंच सांगितलं, "जाव नको. एक दीस रव. माझ्या झोपडेक दार आसा."

परत जायचा कौल मिळाला. तिसरी रात्र सरल्यावर चौथ्या दिवशी दुपारी गाठोडी, गुरं, कोंबड्यांच्या टोपल्या घेऊन सगळा गाव शिवेवर उभा राहिला. लवूने नारळ ठेवला, हात जोडले, डोळे मिटले आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

"तीन दिस, तीन राती तुझी लेकरा शिवेभायर रवली, काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ढोरा-गुरांक, पोरा-बाळांक सुखी ठेव, कामा-धंद्याक बरकत दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला एक लय असते. तीन वेळा 'व्हय' म्हटलं की चौथा आपोआप येतो, तो तोंडातून येतो, डोक्याला विचारत नाही. लवूने एक श्वास घेतला.

"आणि ह्या आमच्या कॉन्स्टान्सियोच्या भयणीची खाट फ्रिजाकडे आसा म्हाराजा! तिका माळार एक दाराची खोली मिळांदे, आणि तिच्या भावाक ता बरा वाटांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज कॉन्स्टान्सियोचा होता. चर्चच्या क्वायरमध्ये तो खालच्या पट्टीत गायचा, छाती भरून. 'म्हाराजा'मधला शेवटचा 'जा' सोडल्यावर त्याला कळलं आपण कशाला होकार दिला, आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

मग नर्मदाने लवूच्या पाठीला बोट टोचलं. लवूने डोळे न उघडता सुरू ठेवलं. "हौसाबाईच्या थोरल्या झिलाक मांगरातसून घरात हाड म्हाराजा, तेका न् तेच्या बायलेक खोली मिळांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" त्यात हौसाबाईही होती. तिने उघड्या तोंडावर पदर घेतला, पण शब्द बाहेर पडून गेला होता. मग तर रांग लागली. मधली सून, धाकटी सून, करवंदीमागचा रोनी, ओडिशाची पोरं. लवूचा घसा बसला तरी गाव 'व्हय' म्हणत राहिला. सृष्टीने मोबाइल उंच धरून सगळं टिपलं.

"देवाक पुढे करून माका फसवलास गो!" हौसाबाई नर्मदाला म्हणाली.

"'व्हय' तुमीच म्हटलात, आये."

कॉन्स्टान्सियो तडक बहिणीच्या झोपडीकडे वळला. त्याने तिच्या झोपडीचं दार सुंभ तोडून काढलं, पाठीवर घेतलं आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागला. त्याच्यामागे टायगर. एस्पेरांसाला वाटलं, हा आता ते ओहोळात टाकतो. त्याने ते घरी नेऊन गोठ्याच्या भिंतीला नीट उभं करून ठेवलं, पावसाचं पाणी लागू नये असं.

कोल्हापूरचे साहेब सृष्टीवर रागावले म्हणे. मागच्या वेळी कोणालाच नको होतं आणि आता एवढ्या खोल्या? सृष्टी म्हणाली, "सर, मागच्या वेळी मी त्यांना त्यांच्या घरात विचारलं होतं."

मागितल्या तेवढ्या खोल्या झाल्या नाहीत. पण पुढच्या वर्षी नाताळच्या आधी माळावर दोन रांगा उभ्या राहिल्या. पहिल्या रांगेत नर्मदा आणि तिचा नवरा, आणि कडेच्या खोलीत एस्पेरांसा आणि तिची खाट. खोलीला लोखंडी दार होतं. तिने ते काढायला लावून फणसाचं बसवून घेतलं. जानेवारीत मेल्रॉयचं लग्न झालं आणि नवं स्वयंपाकघर थाटात उभं राहिलं.

कॉन्स्टान्सियो महिनाभर रुसला. मग एका संध्याकाळी दारावर थाप पडली.

"कोण?" एस्पेरांसाने आतून विचारलं.

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"तुझो भाव! दार उघड, पाय दुखतत."

तिने थोडा वेळ लावला. मग कडी काढली. तो आत येऊन खाटेवर बसला, इकडेतिकडे बघितलं, आणि म्हणाला, "बरी आसा खोली. लहान आसा, पण बरी." मग जरा घसा साफ करून म्हणाला, "सिल्व्हियेन माझी खाट हलवल्यान. माझ्या खोकल्यान तिका झोप नाय."

"खंय ठेवल्यान?"

"फ्रिजाच्या बाजूक. नव्या स्वयंपाकघरात बसता ती, मी मेल्रॉयाक सांगून जागा करून घेतलंय."

एस्पेरांसा चहा ठेवायला वळली, कारण तिला हसू आवरेना. "तुका थंडावा आवडता," ती म्हणाली.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी यायचा, थाप मारायचा, 'कोण' विचारल्यावर नाव सांगायचा आणि खाटेवर बसून चहा प्यायचा. टायगर बाहेर दाराशी बसायचा.

कॉन्स्टान्सियो दोन हजार पंचवीस सालच्या मार्च महिन्याच्या नऊ तारखेला, रविवारी पहाटे, झोपेत वारला.